सुईची भीती वाटते, तरी पहिला सीजीएम लावायचाय? मग हे वाचा

सीजीएम म्हणजे अंगावर चिकटवून शुगर सतत मोजणारा सेन्सर. डॉक्टर "दोन आठवडे सेन्सर लावून बघू" म्हणाले की शुगरवाल्यांचे दोन गट पडतात. एक गट लगेच विचारतो केवढ्याला आहे, आणि दुसरा आमच्यासारखा, ज्याच्या डोक्यात एकच प्रश्न येतो की सुई केवढी आहे. हा लेख दुसऱ्या गटासाठी आहे. पहिल्या गटाला एवढंच सांगते की एका सेन्सरला साधारण पाच हजारांच्या घरात पैसे जातात, दुकानागणिक थोडं खाली-वर होतं आणि मेडिक्लेममधून हे सहसा मिळत नाही.

मी स्वतः टाइप टू वाली, गोळ्यांवर आहे, आणि रक्त काढायचं म्हटलं की डोळ्यांपुढे अंधारी येणाऱ्यांपैकी. त्यामुळे "त्यात काय घाबरायचंय" असं इथे कुठेच वाचायला मिळणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सेन्सर लावणं हे एक काम आणि भीतीचा बंदोबस्त करणं हे दुसरं काम, आणि लोक दोन्ही एकाच दिवशी एकाच खुर्चीत उरकायला जातात म्हणून घोळ होतो. भीतीचं काम आधी घरी करायचं.

त्याआधी आत नक्की काय जातं ते बघू, कारण निम्मी भीती तिथेच आहे. सीजीएम म्हणजे दंडाच्या मागच्या बाजूला चिकटणारी गोल चकती, आपल्याकडे जास्त दिसतो तो लिब्रे ब्रँडचा सेन्सर ३५ मिमी रुंद आणि ५ मिमी जाड असतो. चकतीच्या खाली केसासारखी मऊ तार असते, साधारण ५ मिमी लांब आणि अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक, आणि दोन आठवडे आत राहते ती हीच. सुई आत राहत नाही! सुई असते अ‍ॅप्लिकेटरमध्ये, म्हणजे सेन्सर दंडावर बसवायच्या ठोकळ्यात, ती तार आत पोचवते आणि स्प्रिंगने त्याच क्षणी परत मागे जाते. ती बघायची असेल तर अ‍ॅप्लिकेटरच्या आत मुद्दाम डोकवावं लागतं, तर डोकवू नका, विषय संपला. शिवाय जागा दंडाच्या मागे असल्याने मान कितीही वळवली तरी लावताना धड दिसत नाही, आपल्यासारख्यांना हे बरंच आहे.

पहिलं काम: आपली भीती कुठल्या जातीची आहे ते ओळखा

हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काहींची भीती म्हणजे छातीत धडधड, घाम, हातपाय गार, रडू येणं, पळून जावंसं वाटणं, पण ही माणसं चक्कर येऊन पडत नाहीत. दुसऱ्यांचं काय होतं, आधी धडधड वाढते आणि मग एकदम बीपी आणि नाडी दोन्ही खाली येतात, कानात गुं आवाज, तोंडाला पाणी, डोळ्यांपुढे काळं, आणि माणूस आडवा. घरात वडिलांना नाहीतर काकांना पण असंच होत असेल तर तुम्ही बहुतेक याच गटातले, कारण हे बऱ्याचदा घराण्यात असतं.

आता गंमत अशी की दोन्ही गटांना लोक एकच सल्ला देतात, "रिलॅक्स हो, लांब श्वास घे, अंग सैल सोड." पहिल्या गटाला तो चालतो. दुसऱ्या गटाचं बीपी आधीच खाली चाललेलं असतं, त्यात अंग सैल सोडलं तर ते अजून खाली जाणार, मग पडणारच की. या गटाने नेमकं उलटं करायचं, अंग ताठ करायचं. ही पद्धत १९८०च्या दशकात लार्स-गोरान ओस्ट नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने नीट बसवली आणि ती शिकायला फार वेळ लागत नाही.

करायचं असं: खुर्चीत बसा, दोन्ही पायांचे, मांड्यांचे, पोटाचे आणि हातांचे स्नायू एकदम आवळा आणि १०-१५ सेकंद तसेच धरा, चेहऱ्याला गरम गरम वाटायला लागेपर्यंत. मग सोडा, पण पूर्ण ढिलं व्हायचं नाही, नेहमी बसतो तेवढंच. अर्धा मिनिट थांबून परत. असं पाच वेळा, आणि दिवसातून दोन-चारदा, सेन्सर लावायच्या आधी आठवडाभर तरी. श्वास मात्र रोखू नका. बीपी जास्त असेल, हार्टचं काही असेल किंवा प्रेग्नंट असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि एक बारकावा, प्रत्यक्ष लावताना ज्या दंडावर सेन्सर बसणार तो हात सैलच ठेवायचा, आवळायचे ते पाय, पोट आणि दुसऱ्या हाताची मूठ. हे घरी तसंच करून बघा, कारण एक हात सैल आणि बाकी सगळं ताठ हे पहिल्या फटक्यात जमत नाही.

धडधडवाल्यांसाठी वेगळा मार्ग. सेन्सर लावतानाचा व्हिडिओ आधी आवाज बंद करून बघा, रोज, कंटाळा येईपर्यंत. मग आवाज चालू करून. अ‍ॅप्लिकेटरचा तो खटक आवाज बऱ्याच जणांना सुईपेक्षा जास्त दचकवतो, म्हणून त्याची सवय आधीच झालेली बरी. मग ओळखीत कुणी सेन्सर लावलेला असेल तर त्याच्या दंडावरचा बघून या, बोट लावून बघा. आजकाल ऑफिसात, सोसायटीत, सकाळी तळजाईवर चालायला येणाऱ्यांत कुणी ना कुणी सापडतंच, आणि असा माणूस दहा मिनिटं माहिती दिल्याशिवाय सोडत नाही, पुणं आहे हे. पुढची पायरी तेव्हाच चढायची जेव्हा आधीच्या पायरीचा कंटाळा येईल.

दुसरं: क्लिनिकला फोन करून आधीच सांगून ठेवा

सेन्सर घरी स्वतः लावता येतो, पण आपल्या गटाने पहिला क्लिनिकमध्येच लावून घ्यावा, बहुतेक डायबेटीसच्या डॉक्टरांकडे सिस्टर किंवा डायबेटीस एज्युकेटर लावून देतात. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की मला सुईने चक्कर येते, झोपून लावाल का आणि लावल्यावर दहा मिनिटं पडून राहू द्याल का. यात लाजण्यासारखं काही नाही. आयत्या वेळी काउंटरवर, मागे सहा पेशंट उभे असताना सांगितलं की मग "काही होत नाही हो ताई, मुंगी चावल्यासारखं वाटतं" हे ऐकावं लागतं. एका ठिकाणी सिस्टरने तेवढं बोलून दुसऱ्या सेकंदाला माझा दंड धरला होता, मी सरळ उठून बाहेर आले आणि क्लिनिक बदललं. तसं झालं तर तुम्हीही उठा, तुमचा दंड आहे.

बधिर करायच्या क्रीमबद्दलही तेव्हाच विचारा. लिग्नोकेन आणि प्रिलोकेनची क्रीम मिळते, ती साधारण तासभर आधी लावून वरून प्लास्टिकने झाकून ठेवायची असते. लहान मुलांना किती लावायची हे डॉक्टरच सांगतील, आपल्या मनाने थापू नये. एक मात्र लक्षात ठेवा, क्रीमचा तेलकटपणा राहिला तर सेन्सर चिकटत नाही, त्यामुळे लावायच्या आधी ती जागा साबणाने धुऊन खडखडीत कोरडी करावी लागते.

तिसरं: खरेदीच्या आधी फोन तपासा

हे लोक विसरतात. सेन्सर सुरू करायला फोनमध्ये एनएफसी (फोन नुसता जवळ नेऊन सेन्सर वाचायची सोय) लागतं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये ते नसतं. सेटिंगमध्ये जाऊन एनएफसी शोधा, आणि कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या फोनची यादी असते तीही बघून घ्या. फोन चालत नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी फोन किंवा वेगळा रीडर.

जुना लिब्रे १४ दिवस चालतो, आकडा बघायला फोन दंडाजवळ न्यावा लागतो आणि तो फक्त ८ तासांची नोंद साठवतो, म्हणजे रात्री दहाला स्कॅन केला आणि सकाळी आठला उठलात तर मधले दोन तास गायब. नवीन लिब्रे टू प्लस १५ दिवस चालतो, दर मिनिटाला आकडा आपणहून फोनवर पाठवतो आणि शुगर खाली-वर गेली की अलार्म देतो. इन्सुलिनवर असाल किंवा शुगर खाली पडायची सवय असेल तर अलार्मवालाच घ्या, तिथे पैसे वाचवू नका. तिसरा प्रकार प्रो, त्यात तुम्हाला आकडा दिसतच नाही, दोन आठवड्यांनी डॉक्टर वाचतात. सारखं फोनमध्ये बघून जीव खालीवर होणाऱ्यांना तो बरा पडतो.

बिल आणि खोका जपून ठेवा, सेन्सर मध्येच बंद पडला तर कस्टमर केअरवाले सीरियल नंबर विचारतात. एक्स्पायरी बघा. आणि एप्रिल-मे मध्ये खोका अ‍ॅक्टिव्हाच्या डिकीत टाकून गावभर हिंडू नका.

चौथं: जागा ठरवा, आणि ब्लाउज पण

दंडाची मागची बाजू, मांसल भाग. तीळ, व्रण, गाठ नको, इन्सुलिन घेत असाल तर त्या जागेपासून किमान अडीच सेंटीमीटर लांब. ज्या कुशीवर झोपता तो हात शक्यतो सोडा, याचं कारण पुढे येईलच.

बायकांसाठी खास, ब्लाउजची घट्ट बाही. ती वर चढवताना कड अडकते आणि अख्खा सेन्सर उचकटून येतो. त्या दोन आठवड्यांत लग्नकार्य असेल तर बाही कुठपर्यंत येते ते आधी घालून बघा आणि सेन्सर तिच्या वर किंवा खाली बसेल अशी जागा सिस्टरला दाखवा. पुरुषांचं बहुतेक वेळा लॅपटॉपच्या सॅकच्या पट्ट्यात जातं, नाहीतर बाथरूमच्या दाराच्या चौकटीत. पावसाची काळजी नको, सेन्सर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, भिजत ऑफिसला गेलात तरी चालतं. तेलाची काळजी मात्र करा. दिवाळीत अभ्यंगाच्या तोंडावर सेन्सर लावू नका, आणि लावलेलाच असेल तर त्या दंडाला तेल-उटणं काही नको.

पाचवं: लावायचा दिवस

उपाशी जाऊ नका. फास्टिंगची रक्ततपासणी त्याच दिवशी उरकून टाकू असा हुशारपणा नको, एका दिवशी एकच सुई. पाणी प्या, सैल बाहीचा कुर्ता घाला, दंडाला लोशन-पावडर काही नको. सोबत कुणाला तरी न्या, पण बडबड्या न्या, काळजीवाहू नको.

मी भाच्याला नेलं होतं. मी टेबलवर कुशीवर आडवी, तोंड भिंतीकडे, सिस्टरने साबणाने आणि मग स्पिरिटच्या बोळ्याने जागा पुसली आणि वाळू दिली (हे वाळणं महत्त्वाचं आहे, ओल्यावर चिकटत नाही आणि चुरचुरतं पण). त्यांचं माझं ठरलं होतं की मी "हं" म्हटल्याशिवाय लावायचं नाही, आणि एक-दोन-तीन मोजायचं नाही, कारण मोजणी सुरू झाली की माझा जीव दोनलाच जातो. पाय आवळून धरले, डाव्या हाताची मूठ, चेहरा गरम झाला, "हं" म्हटलं आणि भाच्याने सांगितलं, "आत्या, वनाझपासून मेट्रोची स्टेशनं म्हण." वनाझ, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप, आणि गरवारेला खटक झालं. मी म्हटलं झालं का, तर सिस्टर म्हणाल्या, "डेक्कनला उतरा आता."

लागतं का? मुंगी वगैरे काही नाही, दंडावर दणका बसल्याचा भास होतो, आवाजाने दचकायला होतं, आणि टोचल्याचं कळेकळेपर्यंत सुई मागे गेलेली असते. नंतर थोडा वेळ बारीक ठणकलं. काहींना काहीच होत नाही, काहींचा दंड दिवसभर दुखतो. उठायची घाई करू नका, चक्कर बऱ्याचदा उठून उभं राहिल्यावर येते, म्हणून आधी पाच मिनिटं आडवं, मग पाय खाली सोडून बसायचं, मग उभं.

घरी लावायचा झाला तर क्रम असा: सेन्सरच्या डबीचं झाकण सोला, अ‍ॅप्लिकेटरची टोपी काढा, डबी आणि अ‍ॅप्लिकेटरवरचे कोड जुळतात ते बघा, दोन्हीवरच्या खुणा समोरासमोर आणून टेबलावर ठेवून दाबा, अ‍ॅप्लिकेटर उचला, दंडावर ठेवून खटक होईपर्यंत घट्ट दाबा, दोन-तीन सेकंद थांबा आणि हळूच सरळ मागे घ्या. घाबरणारे लोक अर्धवट दाबतात, आणि मग सेन्सर नीट बसत नाही, पाच हजार पाण्यात. हात थरथरत असेल तर दुसऱ्याला दाबू दे. मधल्या भोकातून थेंबभर रक्त दिसलं तर चालतं, पण थांबतच नसेल तर काढून टाका.

सहावं: पहिला दिवस, आणि आकड्यांवरून भांडण

फोनवर सुरू केल्यावर तासभर काही दिसत नाही, तो वॉर्म-अप. पहिला दिवसभर आकडे जरा इकडेतिकडे उड्या मारतात, लगेच निष्कर्ष काढू नका. नंतरही बोटाचा आकडा आणि सेन्सरचा आकडा तंतोतंत जुळणार नाही, कारण सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखाली पेशींच्या मधे जे द्रव असतं त्यातली मोजतो, आणि तिथे बदल पोचायला ५-१० मिनिटं उशीर होतो. शिवाय आपला ग्लुकोमीटर तरी कुठे हरिश्चंद्र आहे, १०० च्या वर त्यालाही १५ टक्क्यांची सूट आहे. म्हणजे सेन्सर १६० आणि बोट १४५ यावर घरात वाद घालण्यात अर्थ नाही.

बोट टोचणं पूर्ण बंद होतं असं दुकानदार सांगतात, ते खरं नाही. कमी होतं, खूपच कमी होतं, पण जेव्हा आकडा आणि अंग यांचं जुळत नाही तेव्हा टोचावंच लागतं. सेन्सर ११० म्हणतोय आणि तुम्हाला घाम फुटून थरथर सुटलीय, तर बोट टोचा. उलट रात्री तीनला सेन्सर ५८ म्हणून बोंबलतोय आणि तुम्ही ठणठणीत आहात, तर बहुधा त्याच हातावर झोपला असाल, दाबामुळे आकडा खोटा खाली जातो. कूस बदला आणि बोटाने खात्री करा. खरंच ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासा, आणि वारंवार होत असेल तर डॉक्टरांना फोन. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या मोठ्या डोसमध्ये घेत असाल तर आकडा खोटा वर दिसू शकतो, तेही डॉक्टरांना सांगा. एमआरआय, सीटी किंवा एक्स-रे असेल तर सेन्सर काढावा लागू शकतो, म्हणून ती तारीख आधी बघा आणि तुमच्या सेन्सरचं काय ते विचारून घ्या.

आकड्यापेक्षा बाण बघायला शिका. सरळ आडवा म्हणजे स्थिर, तिरका म्हणजे मिनिटाला १ ते २ ने हलतेय, सरळ उभा म्हणजे २ पेक्षा जास्त वेगाने. १४० आणि आडवा बाण असेल तर निवांत, १४० आणि खाली उभा बाण असेल तर गाडीला किक मारू नका.

दोन आठवड्यांत उपासाचा एखादा दिवस मुद्दाम येऊ द्या. एकादशी, दुप्पट खाशी म्हणतात ते आलेखावर स्वच्छ दिसतं, साबुदाण्याची खिचडी आणि वर गोड चहा, मग रेष कुठे जाते ते स्वतः बघा, मी सांगून काय उपयोग. तेच जेवण एकदा नुसतं आणि एकदा नंतर वीस मिनिटं चालून, एवढा प्रयोग केलात तरी पैसे वसूल. बहुतेकांसाठी ७० ते १८० च्या मधे ७० टक्के वेळ राहणं हे ध्येय धरतात, तुमचं वेगळं असू शकतं, वयस्कर माणसांचं आणि प्रेग्नंट बायकांचं तर असतंच. आलेख बघून गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच कमी-जास्त करायचं नाही, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायचा आणि सोबत काय खाल्लं-प्यालं ते लिहून न्यायचं.

शेवटचं: काढणं आणि फेकणं

काढताना सुई नसते. कड पकडून हळूहळू सोलायचं, दंडावर केस असतील तर थोडं खोबरेल तेल कडेने सोडा, आता तेल चालतं. खाली लालसर गोल दिसतो, एक-दोन दिवसांत जातो. खाज, फोड, पाणी येणं असं असेल तर चिकटद्रव्याची अ‍ॅलर्जी असू शकते, मग दुसरा लावायच्या आधी स्किनवाल्यांना दाखवा.

वापरलेल्या अ‍ॅप्लिकेटरमध्ये सुई आहे, तो तसाच ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. आपला कचरा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई हाताने वेगळा करतात. क्लिनिकमध्ये लावलात तर तिथेच ठेवून या, घरी लावलात तर टोपी परत लावून जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बरणीत टाका, वर मोठ्या अक्षरात "सुई" लिहा आणि पुढच्या व्हिजिटला क्लिनिकमध्ये द्या, बरेच जण घेतात. दुसरा सेन्सर लावायचा असेल तर दुसऱ्या दंडावर, आणि स्नायू आवळायची प्रॅक्टिस आदल्या दोन दिवसांत परत एकदा करून घ्या, मधे गॅप पडला की अंग विसरतं.